आश्रय दिला, हक्क नाही

‘धरणग्रस्त’ या शब्दाचा अर्थ महाराष्ट्राला समजावून सांगावा लागत नाही. परंतु धरणाने उठवलेला माणूस देशाच्या सीमेपलीकडे फेकला गेला, तर त्याने दाद कोणाकडे मागावी? अरुणाचल प्रदेशातील चकमा हा प्रश्न साठ वर्षे विचारीत आहेत.

तत्कालीन पूर्व पाकिस्तानात कर्णफुली नदीवर १९६२ साली काप्ताई धरण पुरे झाले. चितगावच्या डोंगराळ मुलखातील सुमारे ४० टक्के लागवडीची जमीन बुडाली. लाखभर माणसे देशोधडीला लागली. त्यांतील हजारो चकमा भारतात आले. १९६४ पासून केंद्र सरकारने त्यांना तेव्हाच्या नेफात, म्हणजे आजच्या अरुणाचलात, वसवले. वसवले, पण नागरिक करून घेतले नाही.

१९९४ साली तेथील विद्यार्थी संघटनेने त्यांना राज्य सोडण्याची मुदत घातली. नागरिक असो वा नसो, प्रत्येक माणसाच्या जीविताचे रक्षण करणे हे राज्याचे कर्तव्य आहे, असे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ साली बजावले. २०१५ साली त्याच न्यायालयाने नागरिकत्वाचे काम तीन महिन्यांत उरकण्याचा आदेश दिला. त्याची पूर्ण अंमलबजावणी अद्याप झालेली नाही. चकमा बौद्ध आहेत. तरीही धर्माच्या कसोटीवर नागरिकत्व देणारा २०१९ चा कायदा, ‘इनर लाइन’ लागू असल्यामुळे, अरुणाचलपर्यंत पोचत नाही.

यात स्थानिक आदिवासींना खलनायक ठरवणे अन्यायाचे होईल. जमीन आणि जंगल एवढाच ज्यांचा आधार, त्यांना नव्या वस्तीची धास्ती वाटणे स्वाभाविक आहे. वसाहतीचा निर्णय दिल्लीने घेतला. त्याची झळ मात्र त्यांना सोसावी लागली. राज्यकर्त्यांच्या औदार्याची किंमत गरिबांनी मोजायची आणि मग गरिबांनीच एकमेकांना शत्रू मानायचे, हा डाव ओळखला पाहिजे.

म्हणून नागरिकत्व आणि जमीन हे दोन प्रश्न वेगळे केले पाहिजेत. चकमा व हाजोंग यांना नागरिकत्व विनाविलंब मिळावे. त्याचबरोबर स्थानिक जमातींच्या जमिनीला कायद्याचे निःसंदिग्ध संरक्षण असावे, आणि जी कुटुंबे स्वेच्छेने अन्यत्र जाऊ इच्छितात त्यांची जबाबदारी इतर राज्यांनीही उचलावी. या भूमीवर जन्मलेल्या नातवंडांनाही निर्वासित म्हणवणारी व्यवस्था लोकशाहीला शोभत नाही.