अर्ध्या हळकुंडाने पिवळे

सांगलीच्या मार्केट यार्डात व्यापारी हळकुंड मोडून आतला रंग बघतो, मगच बोली लावतो. विश्रामबागेतल्या अभ्यासिकांत मात्र माल पोत्यानं उचलतात. तीन हजार ‘ॲडव्हान्स’ इंग्रजी शब्द, साठ दिवसांत! झेरॉक्सवर डावीकडे शब्द, उजवीकडे एकच मराठी अर्थ, मध्ये आडवी रेघ. माझा सगळा राग त्या रेघेवर आहे.

आयुष्यभर इंग्रजी शिकवलं, म्हणून परवा एका क्लासच्या सराव मुलाखतींना बोलावलं होतं. एक मुलगी आईबद्दल अभिमानानं म्हणाली, ‘माय मदर इज पार्सिमोनियस.’ झेरॉक्सवर अर्थ होता काटकसरी. खरा अर्थ चिक्कू, कवडीचुंबक. शेजारचे दोघे परीक्षक माना डोलावत होते! दुसऱ्या एका मुलानं तर ज्यांनी १९१९ साली रयत शिक्षण संस्था काढली त्या कर्मवीर भाऊरावांना ‘नटोरियस’ करून टाकलं. यादीप्रमाणे ‘प्रसिद्ध’; खरा अर्थ कुप्रसिद्ध. हे साताऱ्याचं पोर, बरं का.

नॉर्मन लुईसचं १९४९चं ‘वर्ड पॉवर मेड ईझी’ फुटपाथवर ढिगानं मिळतं. तो बिचारा शब्द मुळापासून फोडून दाखवतो. लॅटिनमधला ‘डेंट’ म्हणजे आपला दंत, ‘नोमेन’ म्हणजे नाम. मराठी पोराला निम्मं घरचंच. आमचे क्लासवाले मूळ फेकतात आणि पानं विकतात. अमेरिकेतल्या जीआरई परीक्षेनं सुट्या शब्दांचे विरुद्धार्थी विचारणं २०११ सालीच सोडलं. इथं अजून घोकंपट्टी जोरात!

साताऱ्याच्या सरकारी हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भिवा रामजी आंबेडकर हे नाव दाखल झालं. त्या मुलाकडून वडिलांनी घरी भाषांतर घोटून घेतलं. भाषांतर करताना लपायला जागा नसते. ‘टॅसिटर्न’ला यादी म्हणते मितभाषी, म्हणजे कौतुकच. वाक्य मराठीत आणायला बसा, कळेल की माणूस घुमा आहे.

त्या मुलीला मी थांबवलं. म्हटलं, ‘आई कशी आहे, मराठीत सांग.’

‘पै-पै जपते सर, पण दारात आलेल्याला उपाशी जाऊ देत नाही.’

याला इंग्रजीत साधा शब्द आहे, ‘थ्रिफ्टी’. क्लासवाल्याला म्हटलं, यादीत का नाही? म्हणाला, ‘सर, तो बेसिक आहे.’