‘आपले’ राज्य म्हणजे कुणाचे?

दिवाळीच्या ताटात कारल्याची भाजी वाढू नये, हे मलाही कळते. पण प्रश्न तुमच्या-आमच्या घरातल्या मुलांचा आहे, म्हणून वाढतो.

सतरा सप्टेंबरला मराठवाड्यात झेंडे लागतात आणि कुठल्या ना कुठल्या व्यासपीठावरून एक वाक्य हमखास येते, ‘‘आज मुसलमानांचे राज्य गेले, आपले आले!’’ टाळ्या पडतात. मी परतूरचा शाळामास्तर. सवडीने कादंबऱ्या लिहितो. माझ्यासमोर पाटील, कांबळे आणि शेख एकाच बाकावर बसतात. त्या ‘आपले’मध्ये शेख बसतो की नाही, एवढेच मला या वक्त्यांना विचारायचे आहे.

राज्य होते कुणाचे? १७२४ पासून चालत आलेल्या असफजाही घराण्याचे. आमचे परतूर तेव्हा परभणी जिल्ह्यात होते. इथल्या मुसलमान मजुराला त्या राज्यात कोणते सिंहासन मिळाले होते? उलट महाराजा किशनप्रसाद दोनदा त्याच राज्याचे पंतप्रधान झाले, आणि ते हिंदू होते. जहागिऱ्या हिंदूंकडेही होत्या. रयत दोन्ही धर्मांची होती आणि दरबारापुढे दोघांचीही मान खालीच होती.

रझाकारांचे पाप मी झाकत नाही. कासीम रझवीच्या टोळ्यांनी गावे लुटली, जाळली. माणसे घरदार सोडून सरहद्दीपलीकडे पळाली. पण ‘इमरोज’चा संपादक शोएबुल्ला खान याने भारतात सामील व्हावे असे लिहिले, म्हणून ऑगस्ट १९४८ मध्ये त्याला कुणी मारले? याच रझाकारांनी! स्वामी रामानंद तीर्थांचा लढा निजामाच्या एकतंत्राशी होता. त्याला धर्मयुद्ध म्हणणे हा स्वामीजींचाच अपमान आहे.

१३ सप्टेंबरला फौजा शिरल्या, १७ला निजाम शरण आला. इथे आपण पुस्तक मिटतो. पुढचे पान असे आहे की, सरकारनेच पाठवलेल्या पंडित सुंदरलाल समितीने पोलीस ॲक्शनच्या वेळी आणि नंतर २७ ते ४० हजार माणसे मेल्याचा अंदाज दिला. मेलेले बहुतेक मुसलमान होते. आपले उस्मानाबाद आणि नांदेड सर्वांत जास्त पोळलेल्या जिल्ह्यांत होते. शेजाऱ्यासाठी जिवावर उदार झालेले हिंदूही त्या अहवालात आहेत. तो अहवाल कित्येक वर्षे कुलपात राहिला. आणि निजाम? तो १९५० ते १९५६ राजप्रमुख म्हणून मानाने बसला. राज्य राजाचे गेले, मार रयतेने खाल्ला.

स्पेनमध्ये असेच एक राज्य बुडाले होते. २ जानेवारी १४९२ रोजी सुलतान अबू अब्दुल्लाने ग्रानाडा शहर फर्डिनंड आणि इझाबेला यांच्या स्वाधीन केले. तुमचा धर्म, तुमची मालमत्ता सुरक्षित, असे तहात वचन होते. ते दहा वर्षेही टिकले नाही. १५०२ मध्ये हुकूम निघाला : ख्रिस्ती व्हा, नाहीतर चालते व्हा. जे ख्रिस्ती झाले, त्यांच्या वंशजांनाही १६०९ पासून देशाबाहेर हाकलले. ज्यूंची हकालपट्टी तर १४९२ सालीच झाली. तिथेही कुणीतरी ‘आपले राज्य आले’ म्हणूनच घंटा वाजवल्या असतील!

आपण त्या वाटेने गेलो नाही, याचे श्रेय २६ जानेवारी १९५०च्या घटनेला आहे. पहिल्या सार्वत्रिक निवडणुकीत पाटील, कांबळे आणि शेख एकाच रांगेत उभे राहिले आणि तिघांच्या मताची किंमत सारखी ठरली. मराठवाड्याची मुक्ती ती. तिची मिरवणूक काढा, तिच्यासाठी फटाके वाजवा, मीही येतो.

तेव्हा वक्तेमहाशय, पुढच्या सतरा सप्टेंबरला एवढेच म्हणा, ‘‘आज राजाचे राज्य गेले, रयतेचे आले.’’ टाळ्या थोड्या कमी पडतील. पण त्या वाजवताना बाकावरच्या एकाही मुलाला मान खाली घालावी लागणार नाही.