रात्रीं जंगलांत, दिवसां व्यासपीठावर!

निवडणूक आली कीं पुढाऱ्यांस दोन वाटा फुटतात. दिवसां ते चावडीवर हात जोडून उभे रहातात. रात्रीं त्यांचा माणूस जंगलांतल्या बंदूकवाल्याकडे जातो. आणि सौदा कशाचा? नांगर धरणाऱ्याच्या, टोपल्या विणणाऱ्याच्या, भाता ओढणाऱ्याच्या मताचा! मालकाला मात्र त्याची खबर नाहीं. मतदानाचीं यंत्रें आम्हां मास्तरांच्याच शाळेंत मांडतात. म्हणून याबद्दल स्पष्ट बोलणें आम्हांस भाग आहे.

बंगालचें जंगलमहाल पहा. २ नोव्हेंबर २००८ रोजीं शालबनीनजीक मुख्यमंत्र्यांच्या ताफ्याच्या वाटेवर सुरुंग उडाला आणि पोलिसांनीं राग काढला तो लालगडच्या संथाळ बायाबापड्यांवर! लोक चिडले, त्यांची समिती उभी राहिली, आणि तिच्या आडून माओवादी पुढें सरसावले. त्यांचा नेता किशनजी यानें तर ममता बॅनर्जी यांनींच मुख्यमंत्री व्हावें, अशी इच्छा उघड बोलून दाखविली. ९ ऑगस्ट २०१० रोजीं ममताबाईंनीं लालगडांत सभा घेऊन संयुक्त फौजांची मोहीम थांबविण्याची मागणी केली. माओवाद्यांशीं संबंध असल्याचें त्यांनीं नाकारलें. ठीक आहे. पण मे २०११ मध्यें त्या सत्तेवर आल्या, फौजा तेथेंच राहिल्या, आणि २४ नोव्हेंबर २०११ रोजीं किशनजी त्याच जंगलांत गोळीस बळी पडला.

तेव्हांचे सत्ताधारी तरी सोंवळे होते काय? ७ जानेवारी २०११ रोजीं नेताई गांवांत त्यांच्या कार्यकर्त्याच्या घरांतून गोळ्या सुटल्या व नऊ गांवकरी मेले. समितीचा पुढारी छत्रधर महातो २००९ पासून दहा वर्षें तुरुंगांत राहिला. २०२० सालीं सुटला आणि त्याच सालीं नव्या सत्ताधारी पक्षाच्या राज्य समितीवर जाऊन बसला! मार्च २०२१ मध्यें त्याला पुन्हा अटक झाली. बंदुका मागें हटल्या, पण भीति गेली काय? २०१८ च्या पंचायत निवडणुकींत त्या राज्यांतल्या सुमारें ३४ टक्के जागा बिनविरोध गेल्या. अर्जच भरूं दिले नाहींत, अशी विरोधकांची ओरड होती.

शाळेंत आम्ही मुलांस जमाखर्च शिकवितों. तोच येथें मांडूं. पुढाऱ्याच्या खातीं खुर्ची. बंदूकवाल्याच्या खातीं आधीं खंडणी, मागाहून गोळी. गांवकऱ्याच्या खातीं काय? पोलीस त्याला नक्षलवादी म्हणतात, नक्षलवादी त्याला खबऱ्या म्हणतात. मरण दोहींकडून त्याचेंच!

बंगालची गोष्ट म्हणून कोणी हंसूं नये. आपल्या गडचिरोलींत ८ ऑक्टोबर २००९ रोजीं, विधानसभेच्या मतदानास पांच दिवस उरले असतां, लाहेरीजवळ १७ पोलीस मारले गेले. तेही शेतकऱ्यांचेच लेक ना? त्याच सालीं त्याच जिल्ह्यांत मेंढा-लेखा गांवानें सुमारें १,८०० हेक्टर वनावर सामूहिक हक्क मिळविला. तेथें बंदूक नव्हती, दलाल नव्हता. होती ती ग्रामसभा, लेखी दावा आणि २००६ चा वनहक्क कायदा.

कोणी म्हणेल, मग बंडखोरांशीं बोलूंच नये काय? अवश्य बोलावें, पण उजेडांत बोलावें. ऑक्टोबर २००४ मध्यें आंध्र सरकारनें हैदराबादेंत नक्षलवाद्यांशीं बोलणीं केलीं, तीं साऱ्या देशाच्या डोळ्यांदेखत. तीं पुढें फिसकटलीं. तरी कोण काय बोलला, हें रयतेस कळलें. रात्रीच्या सौद्यांत रयतेस कळतें तें प्रेत दारांत आल्यावरच!

तेव्हां बंधुभगिनींनो, उमेदवार दारीं आला तर त्याला पाणी द्या, गूळ द्या. पण मत देण्याआधीं ग्रामसभेंत उभा करून विचारा: बाबा, तूं कोणाकोणाला भेटलास? त्यांना काय कबूल केलेंस? आणि तें कोणाच्या जिवावर? जो चारचौघांत उत्तर देईल, त्याचाच विचार करा. जो टाळील, त्यास आल्या वाटेनें परत पाठवा.