वाजणारे खेळणे घेताना

अकीका झाला, पाहुणे गेले, की घरात भेटवस्तूंचा ढीग उरतो. कपडे, दुपटी, चांदीचे कडे आणि हल्ली हमखास दोन-तीन वाजणारी खेळणी. बटण दाबले की गाणारा हत्ती, हात लागला की लुकलुकणारा ढोल, पायाशी पियानो लावलेली चटई. बाळाचे अब्बा दुबई-कुवेतला असतील तर सुट्टीवर येताना त्यांच्या बॅगेत आणखी एक असते. देणाऱ्यांचे प्रेम खरेच असते. पण यातले बाळाच्या हातात कोणते द्यायचे, कपाटावर कोणते ठेवायचे आणि स्वतः विकत घ्यायची वेळ आली तर काय पाहायचे, याचा विचार आईलाच करावा लागतो.

अशा खेळण्याच्या खोक्यावर ‘इंटरॅक्टिव्ह’ असा शब्द ठळक छापलेला असतो. म्हणजे बाळाने काही केले की खेळणे त्याला उत्तर देते. या अर्थाने पाहिले तर आपला साधा खुळखुळा सगळ्यांत चांगला ठरतो. बाळाने जोरात हलवला तर जोरात वाजतो, हळू हलवला तर हळू, हात थांबला की गप्प. ‘मी केले म्हणून झाले’ ही गोष्ट बाळ त्यातूनच शिकते. गाणाऱ्या हत्तीचे तसे नसते. बाळाचा हात चुकून बटणावर पडतो आणि पुढे मिनिटभर हत्ती एकटाच गातो. बाळ बघत राहते. करण्यासारखे त्याच्या हाती काही उरत नाही. म्हणून दुकानात खेळणे हातात घेऊन एकदाच दाबून बघा. एका दाबाला एक आवाज येत असेल तर ठीक. एका दाबाला अख्खे गाणे सुरू होऊन मध्येच थांबवता येत नसेल तर ते परत ठेवा.

अमेरिकेत ॲना सोसा या संशोधिकेने 10 ते 16 महिन्यांची 26 बाळे आणि त्यांचे पालक यांचे घरातले खेळणे ध्वनिमुद्रित करून पाहिले. तिचा अभ्यास 2015 च्या अखेरीस प्रसिद्ध झाला. चित्रांची पुस्तके हातात असताना पालक मिनिटाला सुमारे 67 शब्द बोलत होते, ठोकळे आणि साध्या खेळण्यांशी खेळताना सुमारे 56, आणि बोलणारी-गाणारी विजेवरची खेळणी सुरू असताना सुमारे 40. पालक गप्प झाले तशी बाळेही कमी बोलली. 26 ही संख्या लहान आहे, मान्य. पण आपल्या घरात पाच मिनिटे कान देऊन पाहिले तर हेच दिसेल. यंत्र बोलू लागले की माणसाला वाटते, आता बाळ रमले, आपण भाजी चिरून घेऊ. तेवढ्यापुरते चालेलही, पण दिवसभर तसे चालू लागले तर बाळाच्या कानावर घरातली भाषा पडणार कधी?

आपल्या घरांत हा प्रश्न जरा जास्तच आहे. बाळाच्या कानावर आईची मराठी, दादीची दखनी, कोकणात असाल तर कोकणी, सगळेच पडायला हवे. खेळणे मात्र एकाच परक्या उच्चारात इंग्रजी अक्षरे म्हणत असते. पहिलीच्या वर्गात बसणारी अनेक मुले इंग्रजी रंगांची नावे घडाघड सांगतात आणि ‘तुझ्या अब्बांनी काल काय आणले?’ या प्रश्नावर अडखळतात. दोष केवळ खेळण्याचा नाही, मोबाइलचाही आहे. पण सुरुवात पाळण्यापासून होते. थोपटत कलमा गुणगुणणाऱ्या नानीच्या आवाजाला दुसरे बटण नाही, आणि तो आवाज बाळाचा श्वास बघून हळू होत जातो.

आता संगीताचा प्रश्न. काही घरांत वाद्याचा आवाज चालत नाही, काहींत चालतो. या बाबतीत उलेमांमध्ये मतभेद आहेत आणि या पानावर मी फतवा देणार नाही. एवढे मात्र लक्षात ठेवू या की प्रेषित मुहम्मद (स.) यांच्या घरात लहानांच्या खेळाला जागा होती. हजरत आयेशा (रजि.) बाहुल्यांशी खेळत. ईदच्या दिवशी त्यांच्याकडे दोन मुली दफ वाजवून गात होत्या, हजरत अबू बक्र (रजि.) यांनी हटकले, तेव्हा ईद आहे म्हणून प्रेषितांनी (स.) त्या मुलींना गाऊ दिले, ही रिवायत बुखारी शरीफमध्ये आहे. ज्या घरात पियानोचा सूर नको, तिथे खुळखुळा, छोटी डफली, वाटी-चमचा आहेच. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला स्टीलची वाटी आणि लाकडी चमचा द्या, बघा कसे रमते. दादी म्हणतील, ‘बजाने दो, बच्चा है.’

याच विचाराने काही जण दुसऱ्या टोकाला जातात आणि आयती, दुआ म्हणणारी बाहुली किंवा लॅपटॉप आणतात. भावना चांगली आहे. पण खेळणे जमिनीवर पडते, तोंडात जाते, लाळेने भिजते, पायाखाली येते. बाळ बटण पुन्हा पुन्हा दाबते आणि आयत अर्ध्यात तुटून पुन्हा सुरुवातीपासून वाजते. कुरआनशरीफ आपण रेहलवर ठेवतो, वुजू करून हातात घेतो. मग तिलावत अशा तुटक आवाजात, चप्पलांशेजारी पडलेल्या खेळण्यातून का? मूल दीड-दोन वर्षांचे होऊन ऐकायला बसू लागले की तिलावत जरूर ऐकवा. पण ती घरातल्या माणसाच्या तोंडून, फजरनंतर, शेजारी बसून. खेळण्यात प्राण्यांचे आवाज, टाळी, घंटी एवढेच असलेले बरे.

खरेदीच्या वेळी पाहायच्या गोष्टींत पहिली आयएसआय खूण. भारतात 1 जानेवारी 2021 पासून 14 वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांवर ती सक्तीची आहे. उरुसाच्या बाजारातला पातळ प्लास्टिकचा खुळखुळा बहुधा तिच्याविनाच असतो. दोनदा आपटला की फुटतो आणि आतले दाणे थेट बाळाच्या हाताशी. लाकडाचा हवा असेल तर कर्नाटकातल्या चन्नपट्टणची लाखेचे रंग चढवलेली खेळणी चांगली. टिपू सुलतानने इराणी कारागीर आणून तिथे ही कला रुजवली असे सांगतात. आपल्याकडे सावंतवाडीची लाकडी खेळणीही प्रसिद्ध आहेत, पण तोंडात जाणारी वस्तू असल्याने रंग कोणता हे विचारून घ्या. घुंगरू लावलेले काहीही वर्षाच्या आतल्या बाळाला नको. एक घुंगरू निसटले तरी घशात अडकायला पुरेसे असते.

आवाजाची परीक्षा स्वतःच्या कानाने करा. आपण खेळणे हात लांब करून ऐकतो, बाळ मात्र ते अगदी कानाशी नेते. तुम्हीही कानाशी धरून वाजवा. डोके मागे घ्यावेसे वाटले तर ते बाळासाठी नाही. घरात आधीच आलेले असेल तर आवाजाच्या जाळीवर जाड चिकटपट्टी लावा, आवाज बराच दबतो.

आणि सगळ्यांत गंभीर बाब बटण-सेलची. सेलच्या झाकणाला स्क्रू नसेल तर खेळणे कितीही सुंदर असो, घेऊ नका. रुपयाएवढा सेल गिळला गेला आणि अन्ननलिकेत अडकला तर दोन तासांत आतून जळायला सुरुवात होते, बाहेरून सुरुवातीला फक्त लाळ आणि खोकला दिसतो. नाकात-कानात घातलेला सेलही तितकाच घातक. शंका आली तरी उलटी करवू नका, घरगुती उपाय करत बसू नका, थेट एक्स-रेची सोय असलेल्या रुग्णालयात न्या. असे सेल फक्त खेळण्यात नसतात. बोटात घालायची डिजिटल तसबीह, कानाच्या यंत्राचे सेल, गाणारे ईद-कार्ड, हे सगळे रांगत्या बाळाच्या टप्प्यात असते. दादाजानची तसबीह मुसल्यावर राहू देऊ नका.

खुळखुळ्याचा आणखी एक उपयोग आहे. सहा महिन्यांचे बाळ बाजूला, नजरेआड वाजवलेल्या आवाजाकडे मान वळवते. तुमचे बाळ पुन्हा पुन्हा वळत नसेल तर ‘आमच्या घरात सगळे उशिराच बोलले’ म्हणून थांबू नका. न ऐकणारी बाळेही सुरुवातीला हुंकार देतात, त्यामुळे घरच्यांच्या लक्षात येत नाही. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमात मुलांच्या बहिरेपणाची तपासणी आहे. अंगणवाडीत किंवा सरकारी रुग्णालयात विचारा. मुंबईत वांद्र्याला अली यावर जंग संस्थेतही तपासणी होते. पहिली चाचणी तर काही दिवसांच्या बाळाचीही करता येते. कानात छोटी नळी ठेवतात, सुई नाही, दुखत नाही, आणि ती बाळ झोपेत असतानाच उरकते.