गिरणीच्या जमिनीवर आपले घर

परळ, लालबाग, वरळी भागातून आज जाताना मान वर करूनच बघावे लागते. जिथे भोंग्यावर तीन पाळ्या चालत, तिथे काचेचे टॉवर उभे आहेत. लोअर परळच्या फिनिक्स मिलचा मॉल झाला. दादरची कोहिनूर मिल नंबर तीन २००५ साली ४२१ कोटी रुपयांना विकली गेली. जुन्या जमिनीवर नवी घरे बांधायला आमचा विरोध नाही. बंद पडलेली शेड आणि थंड पडलेली चिमणी कुणाच्या उपयोगाची? आम्ही एवढेच विचारतो की, त्या जमिनीवर जो राबला, त्याच्या वाट्याला काय आले?

१८ जानेवारी १९८२ रोजी गिरण्यांचा संप सुरू झाला. सुमारे अडीच लाख कामगार त्यात उतरले. पुढे गिरण्या एकामागून एक बंद पडल्या आणि मुंबईच्या मध्यावरची सुमारे ६०० एकर जमीन मोकळी होऊ लागली. १९९१ च्या नियमाने या जमिनीचे ढोबळमानाने तीन वाटे ठरले. एक मालकाला, एक महापालिकेला मैदाने-बागांसाठी आणि एक म्हाडाला गरिबांच्या घरांसाठी. २००१ साली नियम बदलला. वाटणी फक्त मोकळ्या जागेची करायची, जिथे शेड उभी आहे ती जमीन वाटणीतून बाहेर, असे ठरले.

हा बदल कागदावर दोन ओळींचा दिसतो. पण समजा, गिरणी पंधरा एकरांची आहे आणि त्यातली तीनच एकर मोकळी आहे. पहिल्या नियमाने म्हाडाला पाच एकर मिळाली असती. दुसऱ्या नियमाने जेमतेम एक एकर मिळते. प्रकरण कोर्टात गेले. ७ मार्च २००६ रोजी सर्वोच्च न्यायालयाने हा बदल कायम ठेवला. हजारो घरांची जागा अशी हातची गेली.

उरल्या जमिनीवर घरे झाली, हेही सांगितले पाहिजे. २०१२ साली ६,९२५ घरांची सोडत निघाली. सव्वादोनशे चौरस फुटांचे घर, किंमत साडेसात लाख. २०१६ साली दोन सोडती झाल्या, त्यांतली एक पनवेलजवळच्या कोनची. २०२० साली ३,८९४ घरे निघाली. चारही सोडती मिळून १५,८७० घरे होतात. अर्ज होते सुमारे पावणेदोन लाख. म्हणजे दहातल्या एकालाही घर लागले नाही. बाकीच्यांना शेलू-वांगणीची वाट दाखवली गेली, म्हणून जुलै २०२५ मध्ये म्हातारे कामगार आझाद मैदानावर जमले. मुंबई ज्यांनी उभी केली, त्यांना मुंबईतच घर हवे, ही त्यांची मागणी होती. ती रास्त आहे.

आपल्या समाजाला यात आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. गिरणीत कापड खात्याचा पगार जास्त होता, पण तिथे आपल्या माणसाला प्रवेश नव्हता. धोट्यातला धागा तोंडाने ओढावा लागे आणि शिवाशिव आड येई. म्हणून आपली माणसे कमी पगाराच्या रिंग खात्यात राहिली. १९२८ च्या संपात बाबासाहेबांनी हा प्रश्न कामगार पुढाऱ्यांपुढे ठामपणे मांडला. ज्या बापाने विटाळ सोसून कमी पगारावर हयात काढली, त्याच्या नावावरचे घर ही कुणाची मेहरबानी नव्हे. तो त्याच्या मजुरीचा राहिलेला हिस्सा आहे.

पण हक्क सिद्ध करायला कागद लागतो आणि तिथेच आपली घरे मागे पडतात. १ जानेवारी १९८२ रोजी किंवा त्यानंतर जो कामावर होता, तो पात्र. त्याचा लाल पास, तिकीट नंबर, हजेरीपत्रक, प्रॉव्हिडंट फंडाचा क्रमांक, पगाराची पावती, यांतले जे असेल ते जपा. पत्र्याच्या पेटीत वाळवी लागू देऊ नका. दुसरी अडचण नावाची. धर्मांतरानंतर आपल्यातल्या पुष्कळांनी नावे-आडनावे बदलली. मस्टरवर एक नाव, रेशन कार्डावर दुसरे, मुलाच्या दाखल्यावर तिसरे. हा माणूस एकच आहे, हे प्रतिज्ञापत्राने वेळीच लिहून ठेवा. बाप हयात असेल तर आजच त्याला शेजारी बसवा आणि त्याच्या खात्याचे नाव, जॉबरचे नाव, कामाची साले विचारून घ्या. तो गेल्यावर हे सांगणारा कुणी राहणार नाही.

आता घरातली गोष्ट. सोडतीत नाव लागले की भाऊ-भाऊ भांडतात, बहिणीकडून कोऱ्या कागदावर सह्या घेतल्या जातात आणि आईला कुणी विचारतही नाही. संपाच्या काळात घर कुणी चालवले? खाणावळ घालून, भांडी घासून, पापड लाटून याच आईने चालवले. १९५६ चा हिंदू वारसा कायदा बौद्धांनाही लागू आहे. मृत्युपत्र नसेल तर पतीच्या मिळकतीत विधवेचा, मुलाचा आणि मुलीचा वाटा सारखा, असे तो सांगतो. हिंदू कोड बिल रखडवले गेले, हे १९५१ साली बाबासाहेबांनी मंत्रिपद सोडण्यामागचे एक मोठे कारण होते. त्यांचा फोटो भिंतीवर आणि बहिणीची सही कोऱ्या कागदावर, हे आपल्याला शोभणारे नाही.

आणखी एक सांगणे. घर लागले की दलाल दारात येतो. चार पैसे जास्त दाखवतो, विक्रीला बंदी असेल तर वाटा दाखवतो. लग्नाचे कर्ज, आजारपण, अडचण खरी असते. तरी सही करण्याआधी आईला विचारा, विहारातल्या जाणत्या माणसांना विचारा, वकिलाला कागद दाखवा. एकदा गेलेले घर मुंबईत पुन्हा मिळत नाही.

चैत्यभूमीजवळची इंदू मिलची साडेबारा एकर जमीन समाजाने एकजुटीने मागितली, म्हणून २०१५ साली तिथे बाबासाहेबांच्या स्मारकाचे भूमिपूजन झाले. घरांसाठीही तशीच एकजूट लागेल. तोवर या रविवारी पेटी उघडा, कागद काढा आणि घरातल्या सगळ्यांनी मिळून वाचा. लेकीलाही जवळ बसवा.