फ्यूजमध्ये कोणती तार घातली आहे?

वाचकहो, आज विहिरीवर जाल तेव्हा एवढे एक काम करा. मेन स्विच बंद करा, हात कोरडे करा आणि बोर्डावरचा किटकॅट फ्यूज ओढून आतली तार पाहा. पुष्कळ ठिकाणी तिथे फ्यूजची तार नसतेच. केबलच्या तुकड्यातून सोललेली तांब्याची जाड तार असते. विचारले तर उत्तर ठरलेले, ‘सारखा फ्यूज उडतो, रात्रीच्या पाण्याला कोण उठून बसवणार?’

अडचण खरी आहे. पण फ्यूज म्हणजे मुद्दाम ठेवलेली कच्ची जागा. करंट भलता वाढला की ती वितळावी आणि पुढची केबल वाचावी, एवढ्यासाठीच ती असते. दीड चौरस मिलिमीटरची एकपदरी तांब्याची तार शंभर अँपिअर ओलांडल्याशिवाय वितळत नाही. ५ हॉर्सपॉवरची थ्री फेज मोटार पुऱ्या भाराला साडेसात-आठ अँपिअर घेते. मग ती जाड तार राखण कशाची करणार? केबल कुठे सोलवटून शॉर्ट झाली, तर फ्यूज शाबूत राहतो आणि केबलच पेट घेते. नाहीतर डीपीवरचा फ्यूज जातो आणि शेजाऱ्यांचेही पाणी बंद पडते. त्या डीपीला मात्र आपण हात लावायचा नाही. ते काम वायरमनचे. त्या खांबापाशी आजवर किती घरे उघडी पडली, हे तुम्हांला सांगायला नको.

आता एक गोष्ट फारशी कोणी सांगत नाही. योग्य तारेचा फ्यूजही मोटारीला पुरता वाचवत नाही. सुरू होताना मोटार क्षणभर सहा-सात पट करंट ओढते. तेवढ्याला उडू नये म्हणून फ्यूज मोठाच ठेवावा लागतो. मोटार दीडपट करंटवर अर्धा तास तापत राहिली, तरी तो गप्प बसतो. ते काम स्टार्टरमधल्या ओव्हरलोड रिलेचे. त्यात दोन वेगळ्या धातूंच्या पट्ट्या एकमेकींना चिकटवलेल्या असतात. तापल्या की एक जास्त वाढते, दुसरी कमी, म्हणून जोडपट्टी वाकते आणि कॉईलचा प्रवाह तोडते. मोटार बंद पडते.

रिलेवर आकड्यांची चकती असते. मोटारीवरच्या पत्र्याच्या पाटीवर जेवढे अँपिअर लिहिले असतील, तेवढ्यावर ती लावावी. स्टार-डेल्टा स्टार्टरमध्ये रिले बहुधा वेटोळ्यांच्या जोडणीत असतो, तेव्हा पाटीवरच्या आकड्याचा ०.५८ पट धरतात. ११ अँपिअर असेल तर सुमारे ६.४. रिले सारखा पडतो म्हणून चकती शेवटच्या आकड्याला फिरवणे किंवा बटणाला काडी खुपसून ठेवणे, हे मी इतक्या ठिकाणी पाहिले आहे की आता राग येत नाही, रिवाइंडिंगच्या बिलाची कीव येते.

रिले पडतो तो बहुतेक वेळा व्होल्टेजपायी. ४१५ व्होल्टची मोटार ३४० व्होल्टवर चालवली, तर तेवढेच पाणी उपसायला तिला सुमारे सव्वापट करंट लागतो. उष्णता करंटच्या वर्गाने वाढते, म्हणजे जवळजवळ दीडपट. एक फेज गेला तर उरलेल्या दोन्ही तारांतला करंट पावणेदोन पटीपर्यंत जातो. त्यासाठी सिंगल फेज प्रिव्हेंटर वेगळा बसवावा.

बोअरवेल असेल तर आणखी एक. पाणी संपल्यावर मोटार हलकी फिरते, करंट घटतो, म्हणून ओव्हरलोड रिलेला काहीच कळत नाही. इकडे मोटारीला गार ठेवणारे पाणी मात्र नाहीसे झालेले असते. कोरडे चालणे ओळखणारे उपकरण निराळे मिळते. उन्हाळ्यात पाणी तुटणाऱ्या बोअरला ते असलेच पाहिजे.

घरातल्या बायकांना हा रिले परका नाही. वाटण घट्ट झाले की मिक्सर अचानक थांबतो, आणि बऱ्याच मिक्सरच्या तळाशी एक लाल बटण असते. भांडे थोडे रिकामे करून, मिक्सर निवू देऊन मगच ते दाबतो ना? पंपाच्या स्टार्टरलाही तशीच दहा-पंधरा मिनिटे द्यावीत. तेवढ्यात व्होल्टमीटर पाहावा, तिन्ही फेज आहेत का बघावे. आणि गावात फ्यूजची तार आणायला जाल तेव्हा ‘जाड द्या’ असे न म्हणता अँपिअरचा आकडा सांगून मागावी.