गडगडाट उशिराच यायला हवा

भाचा दिवाळीच्या सुट्टीला रत्नागिरीत आलाय. मंगळवारी संध्याकाळी रत्नदुर्गाच्या बाजूला आभाळ भरून आलं, विजा चमकायला लागल्या, तसा हा मोबाइल घेऊन गच्चीत. रात्री त्याने रील दाखवली. वीज लखकन चमकते आणि त्याच क्षणी कडाड! "मामा, ओरिजिनलमध्ये आवाज लेट येत होता. मी सिंक केला." चूक सुधारल्याचं समाधान त्याच्या चेहऱ्यावर होतं. मला ते पाहून फार वाईट वाटलं.

मूळ क्लिप मागून घेतली आणि सेकंद मोजले. पहिल्या विजेनंतर गडगडाट यायला १२ सेकंद लागतात, दुसरीनंतर ९, तिसरीनंतर ६. आवाजाला एक किलोमीटर कापायला साधारण ३ सेकंद लागतात. म्हणजे वीज चार किलोमीटरवरून तीनवर, तीनवरून दोनवर आली होती आणि पोरगा उघड्या गच्चीत हात उंच करून उभा होता. वादळ अंगावर येतंय ही बातमी त्या क्लिपमध्ये स्पष्ट होती. सिंक करताना त्याने नेमकी तीच पुसली.

त्याला दोष देत नाही. जन्मापासून पडद्यावर त्याने वीज आणि आवाज एकत्रच पाहिलेत. कौलांवरचा पाऊस आणि पत्र्यावरचा पाऊस सिनेमावाल्यांना एकच वाटतो, हे मी इथे अनेकदा लिहिलंय. विजेचं त्याहून वाईट आहे. १९३१च्या 'फ्रँकेन्स्टाइन'साठी केलेला एक कडकडाट हॉलिवूडने पुढे कित्येक दशकं चित्रपटाचित्रपटांतून वाजवला. क्षितिजावर वीज चमकली तरी आवाज मात्र अंगणात पडल्यासारखा. आपल्या भाषेला हा फरक पक्का ठाऊक आहे. जवळ तो कडकडाट, लांब गेला की गडगडाट. विजेची रेघ काही किलोमीटर लांब असते, तिच्या प्रत्येक भागाचा आवाज वेगवेगळ्या वेळी कानावर येतो, तीक्ष्ण सूर वाटेतच विरतात आणि उरते ती घरघर. दोन शब्दांत दोन अंतरं आहेत. डबिंगच्या खोलीत ती एक होतात.

गेमवाल्यांना तर सबबच नाही. पबजीत दूरवरून झाडलेल्या गोळीचा आवाज मागाहून येतो आणि त्यावरून खेळणारी पोरं शत्रू किती लांब आहे ते ओळखतात. भाचाही ओळखतो. बंदुकीला जे लावतात ते आभाळाला का लावू नये?

आणि त्या अंतरात नाट्य नाही असं कोण म्हणतं? १९८२च्या 'पोल्टरगाइस्ट'मध्ये बाप घाबरलेल्या मुलाला चमक आणि गडगडाट यांच्यामधले आकडे मोजायला शिकवतो. आकडे कमी होत जातात तशी आपल्याही पोटात भीती उतरते. खेड तालुक्यातल्या गावाचं नाव घेतलेल्या 'तुंबाड'साठी राही अनिल बर्वे यांनी खऱ्या पावसाची वाट पाहत अनेक पावसाळे घालवले. पावसाला इतका धीर मिळतो, तर गडगडाटाला दहा सेकंदांचा मिळायला काय हरकत आहे?

कोकणात हा प्रश्न सिनेमापुरता नाही. जुलैत इथे दिवसदिवस पाऊस कोसळतो, पण वीज क्वचित. त्या ढगांची उंची बेताची असते. विजा येतात त्या वळवात आणि आत्ता, परतीच्या पावसात. नेमकी भातकापणी चालू असते, माणसं मळ्यात उघड्यावर वाकलेली असतात. पुण्याच्या उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेचं 'दामिनी' ॲप मोबाइलवर इशारा देतं, ते प्रत्येकाकडे असावं. पण कापणीच्या वेळी मोबाइल बांधावरच्या पिशवीत असतो, कान मात्र सोबत असतात. आवाज ३० सेकंदांच्या आत आला तर वीज दहा किलोमीटरच्या आत आहे आणि पुढची आपल्यावर पडू शकते. आणि गडगडाट ऐकू येतोय, एवढंच घरात शिरायला पुरेसं आहे. आवाज उशिरा आला म्हणजे सगळं बिघडलंय, असं पडद्याने शिकवलेला मुलगा मोजणारच नाही.

मूळ क्लिप मी माझ्याकडे ठेवून घेतली आहे. तिसऱ्या विजेनंतर चौथ्या सेकंदाला त्यात माझ्या बहिणीची हाक आहे, "अरे, वर काय करतोयस, खाली ये आधी!" दोन सेकंदांनी गडगडाट. रीलमध्ये ती हाक कापली गेली, कारण तिला जागाच उरली नव्हती.